धावून येणाऱ्यांचं शिक्षण

मदतीला माणसं आली नाहीत, असं महाराष्ट्रातल्या एकाही मोठ्या दुर्घटनेबद्दल म्हणता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारी भूकंपानं हादरली. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. लष्कर आलं, डॉक्टर आले, परदेशी पथकंही आली, पण ती नंतर. पहिले काही तास ढिगारे उपसत होते ते त्याच गावातले वाचलेले लोक आणि शेजारच्या गावांतले शेतकरी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, त्यांच्या झोळ्या करून जखमींना रस्त्यापर्यंत आणलं आणि मिळेल त्या वाहनात घातलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता; पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेनं जे वर चढले त्यांत आसपासची गिर्यारोहक पोरंही होती. त्या चढणीवर बचावकार्यासाठी निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला.

त्यामुळे ‘लोक नुसते मोबाइलवर व्हिडिओ काढत उभे राहतात’ हे दर अपघातानंतरचं रडगाणं मला अर्धंच खरं वाटतं. व्हिडिओ काढणारे असतातच. पण त्याच घोळक्यात कुणीतरी बेशुद्ध माणसाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बाटलीतलं पाणी ओतत असतो. बेशुद्धीत गिळण्याची आणि ठसक्याची क्रिया काम करत नाही. ते पाणी श्वासनलिकेत उतरतं. मोटरसायकलवरून पडलेल्याला दोघं जण हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात कोंबतात. मानेचा मणका मोडला असेल तर मज्जारज्जूला कायमची इजा व्हायला तेवढे दहा सेकंद पुरतात. आकडी आलेल्याच्या नाकाशी कुणी चप्पल धरतो, कुणी कांदा फोडतो, कुणी दातांत चमचा घालायला जातो. भाजलं की टूथपेस्ट, नाहीतर शाई. कुत्रं चावलं की चुना किंवा मिरची. यातला कुणीही दुष्ट नाही. उलट ज्याला आपण चांगला माणूस म्हणतो तो हाच. आपल्याकडे तुटवडा आहे तो या चांगल्या माणसाला आधीच काही शिकवून ठेवण्याचा.

आणि ते शिक्षण निम्मं हात आवरण्याचं असतं. काय करायचं नाही, हे त्यात आधी येतं. पाणी पाजायचं नाही. हलवायचं नाही, निदान आगीचा, पुराचा किंवा वाहनांचा धोका नसेल तोवर. विजेचा शॉक बसून चिकटलेल्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं दूर लोटायचं. शेतातल्या पाणमोटारीवर एक जण चिकटतो, दुसरा त्याला ओढायला जातो, तिसरा त्या दोघांना, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात. अशी बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येते. देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांत वाचवायला गेलेले किती, याचा वेगळा रकाना सरकारी तक्त्यात नसतो.

धावून जाणाऱ्याचं काय होतं याचा एक हिशेब मेक्सिको शहरानं मांडून ठेवलेला आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर तिथं सामान्य लोकांच्या टोळ्या ढिगाऱ्यांत शिरल्या. त्यांनी सुमारे ८०० जणांना जिवंत बाहेर काढलं आणि पंधरा दिवसांच्या त्या बचावकार्यात त्यांच्यातले सुमारे १०० जण स्वतः मेले. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं यातून सरळ निष्कर्ष काढला: लोक येणारच, त्यांना अडवून उपयोग नाही, तेव्हा त्यांनाच शिकवावं. तिथल्या वस्त्यांमधली आपत्ती-प्रतिसाद पथकं त्या विचारातून सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आणली तीही याच वळणाची. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक, पुढच्या टप्प्यात ३५० जिल्ह्यांत मिळून एक लाख. योजना चांगली आहे. पण एका जिल्ह्यात दोनशे-तीनशे माणसं म्हणजे तालुक्यात वीस-पंचवीस. दरड जिथं कोसळेल त्या वाडीत त्यातला एखादा त्या रात्री मुक्कामाला असेल, हे नशिबावरच सोडावं लागतं.

रुग्णवाहिकेचंही तसंच. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी; पैकी २३३ गाड्यांत अतिगंभीर रुग्णासाठीची साधनं. या सेवेनं किती जीव वाचवले हे खेड्यापाड्यात कुणालाही विचारावं. पण साडेअकरा-बारा कोटींच्या राज्यात हजारभर गाड्या म्हणजे लाख-सव्वा लाख लोकांमागे एक. शिवाय घाटरस्ते आहेत, मुंबईतली वाहतूक आहे, पुण्यातले अरुंद बोळ आहेत. जोरात वाहणारं रक्त काही मिनिटांत माणूस नेतं. हृदय थांबलं तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ही मिनिटं कुठल्याच सरकारच्या हातात नसतात. ती जवळ असलेल्याच्या हातात असतात, मग तो पानवाला असो, वॉचमन असो की सहावीतली मुलगी.

सामान्य माणसाला असं काही शिकवावं, ही कल्पना तशी फार जुनी नाही. लंडनमध्ये १८७७ साली सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी वुलिचमध्ये पीटर शेपर्ड नावाच्या लष्करी शल्यवैद्यानं नागरिकांसाठी पहिले वर्ग घेतले. या चळवळीचे सुरुवातीचे विद्यार्थी म्हणजे खाणकामगार, रेल्वेचे लोक, पोलिस. रोज हातपाय तुटताना बघणारी माणसं. शेपर्ड स्वतः जानेवारी १८७९ मध्ये झुलू युद्धात, इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. त्याची पुस्तिका मात्र पुढं चालत राहिली. जर्मनीत कीलचा शल्यवैद्य एस्मार्क यानं १८८२ मध्ये असेच वर्ग सुरू केले. ज्या त्रिकोणी पट्टीनं आपल्या बालवीरांनी आणि एनसीसीच्या पोरांनी एकमेकांचे धडधाकट हात गळ्यात बांधून घेतले, ती पट्टी त्याच्याच नावानं ओळखली जाते.

आपल्याकडे हे सगळं रेल्वे, पोलिस आणि कारखान्यांमार्फत आलं आणि कायद्यात जाऊन बसलं. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४५ व्या कलमानं सांगितलं की दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. वाहकाचा बिल्ला काढतानाही प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कागदावर आपण कुठंच मागे नाही. गाडीतली प्रथमोपचार पेटी उघडून बघण्याचं धाडस मात्र करू नये. आत कापूस निघाला तरी भाग्य म्हणायचं.

पण गड्याला, बाईला, न शिकलेल्याला खरंच काही शिकवता येतं का? ‘अर्धवट ज्ञान घातक’ हे वाक्य आपल्याकडे डॉक्टरही म्हणतात आणि डॉक्टरांना घाबरणारेही. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच उपखंडात मिळालेलं आहे आणि ते रुग्णालयाबाहेर मिळालेलं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत, बनगावला, पटकीची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात करून पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पेल्यानं पाजत राहा. शंभरातले तीस दगावत होते तिथं चारांहून कमी दगावू लागले. पाजणारे हात बहुतेक परिचारिकांचे नव्हते. आया होत्या, भाऊ होते.

पुढं बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० च्या दशकात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन बायकांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि मोजून पाणी यांचं द्रावण शिकवलं. यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती पगाराची पद्धत. शिकवणाऱ्या बाईला किती घरं केली यावर पैसे मिळत नसत. काही आठवड्यांनी दुसरंच कुणीतरी जाऊन त्या आयांना विचारायचं, करून दाखवायला लावायचं. त्यांना जेवढं आठवत असेल तेवढे शिकवणारीला पैसे. आपल्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांना ही अट लावली तर किती आयोजक उरतील, याचा विचार करून पाहावा.

महाराष्ट्राचं उदाहरण याहून धीट आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, बहुतेक दलित आणि गरीब बायकांना गावाच्या आरोग्याची सूत्रं दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले. आता म्हणा अर्धवट ज्ञान घातक. घातक असतं ते न तपासलेलं ज्ञान. या बायकांचं काम कुणीतरी येऊन पुन्हा पुन्हा तपासत होतं.

साप-विंचवाच्या बाबतीत तर हा सगळा प्रश्न नागडा उभा राहतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात हृदय कसं कोलमडतं हे बारकाईनं नोंदवलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यावर वापरून मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. औषध स्वस्त, पोटात घ्यायचं. पण ते द्यायचं कधी, तर माणूस डॉक्टरपर्यंत पोचेल तेव्हा. मधल्या काळात भगत असतो, उतारा असतो, पाला वाटून लावणं असतं. सर्पदंशाचं गणित आणखी मोठं: २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं साप चावून मेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडे बनतं. परळच्या हाफकिननं ते काम पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे. प्रतिविष नाही म्हणून मरणारे आहेत, तसे उशीर झाला म्हणून मरणारेही आहेत.

इथं गावाला काय यायला हवं? फार थोडं. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला नाहीतर काठीला धरून सैल बांधायचा, जेणेकरून तो हलणार नाही. अंगठ्या, पैंजण, जोडवी काढायची, कारण सूज येते. माणसाला चालवायचंही नाही, पळवायचंही नाही. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही. घोणशीच्या आणि फुरशाच्या विषात रक्त गोठायचं थांबतं. तिथं ब्लेड मारणं म्हणजे न थांबणारी जखम स्वतःच्या हातानं करणं. साप मारून पिशवीतून नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला चावतो. आणि एक गोष्ट जी गावातल्या प्रत्येक आईला तोंडपाठ असावी: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, अनेकदा तिचा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोरगं पोटात दुखतंय म्हणतं, घशाशी काहीतरी होतंय म्हणतं आणि पापण्या जड होऊन खाली येतात. अशा पोराला ओवा देऊन झोपवायचं नाही, गाडी काढायची. ही चार वाक्यं शिकवायला एमबीबीएस लागत नाही, पण ज्या शाळेत पोरं पायथागोरस शिकतात तिथं ती कुणी शिकवत नाही.

हृदयाचं प्रकरण शहरातल्यांना अधिक जवळचं. १९६० पर्यंत थांबलेलं हृदय चालवायचं तर छाती उघडून ते हातानं दाबावं लागे. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिलं की बाहेरून छाती दाबूनही रक्त फिरत राहतं. कौवेनहोवेन डॉक्टरच नव्हता, तो विद्युत अभियंता. त्याच सुमारास आस्मुंड लेर्दाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्यानं सरावासाठी बाहुली केली. सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीचा मुखवटा म्हणून जो युरोपात घरोघरी टांगलेला असे, त्याच्यावरून त्यानं बाहुलीचा चेहरा घेतला. जिला कुणी वाचवू शकलं नाही, तिच्या छातीवर जगानं वाचवणं शिकावं, हे जरा विलक्षणच.

मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, छातीच्या मधोमध, थांबायचं नाही. एवढंच. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची किळस किंवा भीती वाटते म्हणून अनेक जण पुढंच येत नाहीत. म्हणून भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत तयार केली आणि ती शिकवतात. बुडालेल्यांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत श्वासाला महत्त्व आहे, पण ज्याला ते येत नाही त्यानं नुसतं दाबलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं. डेन्मार्कनं २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचं केलं. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी साधारण २१ टक्क्यांना जवळच्या माणसांनी छाती दाबण्याची मदत दिली होती, २०१० मध्ये ४५ टक्क्यांना. महिन्यानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर गेलं. रुग्णालयांतले उपचार सुधारले हेही त्यामागं आहेच.

पण आपल्याकडे शिकवण्याआधी एक अडचण उभी असते, आणि ती स्पर्शाची. प्रथमोपचार म्हणजे अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावणं. कुणी कुणाला शिवायचं आणि कुणी कुणाला नाही, हे शेकडो वर्षं जातीनं ठरवणाऱ्या समाजात ही साधी गोष्ट नाही. रस्त्यावर रक्त वाहताना आता जात विचारत नाहीत, हे खरं. पण संकोचाची सवय अंगातून पूर्ण गेलेली नाही, तिनं रूप पालटलं आहे. बसस्टॉपवर एखादी बाई कोसळली तर पुरुष चार पावलं मागे सरतात. पदर सरकवून छाती कोण दाबणार? परदेशांतल्या पाहण्यांतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या बायकांना अशी मदत पुरुषांपेक्षा कमी मिळते असं दिसलं आहे. हा संकोच भाषणानं जात नाही. पंचवीस जणांच्या देखत बाहुलीवर, मग एकमेकांच्या अंगावर हात ठेवून सराव केला की तो सैल पडतो. म्हणूनच मोबाइलवर चित्रफीत पाहून हे येत नाही. चित्रफितीला अंग नसतं.

दुसरी भीती पोलिसांची. ती एके काळी अगदी रास्त होती. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात डॉक्टरांना सांगितलं की आधी उपचार, कागद नंतर. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र ३० मार्च २०१६ उजाडावा लागला. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर न्यायालयानं मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. आता जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, प्रामाणिकपणे केलेल्या मदतीत काही बिघडलं तर खटला नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. हा कायदा किती जणांना माहीत आहे, हे जवळच्या चहाच्या टपरीवर विचारून बघावं. 

तर मग शिकवायचं कुणी आणि कुठं? आपली नेहमीची पद्धत म्हणजे एका रविवारी हॉलमध्ये शिबिर. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत, दोन तास व्याख्यान, एका बाहुलीभोवती साठ जण, प्रमाणपत्र, फोटो, वडापाव. छाती दाबण्याचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. म्हणजे जूनमध्ये शिकलेला दिवाळीपर्यंत अर्धं विसरलेला असतो, आणि भिंतीवरची चौकट मात्र तशीच.

जे शिक्षण वारंवार करावं लागतं ते जिथं माणसं आधीपासूनच वारंवार एकत्र येतात तिथंच चिकटवलं पाहिजे. या बाबतीत महाराष्ट्राइतकी श्रीमंती क्वचित कुठं असेल. गणेश मंडळं आहेत, ढोल-ताशा पथकं आहेत, बचत गट आहेत, दिंड्या आहेत, क्रिकेटचे संघ आहेत. गोविंदा पथकांचंच बघा. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि दहीहंडीपर्यंत रोज रात्री सराव. थर कसा लावायचा, कुणी कुणाच्या खांद्यावर, खाली गादी, वरच्या पोराला दोर. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर केली, विम्याचीही चर्चा झाली. पण थर कोसळल्यावर तळाशी अडकलेल्याला मानेला धक्का न लावता कसं सरळ वळवायचं, हा सराव किती पथकांत होतो? चार माणसं लागतात. एक डोकं धरतो आणि हुकूम तोच देतो, बाकीचे खांदा, कंबर, पाय एकाच वेळी वळवतात. सात-आठ थर एका शिट्टीवर लावणाऱ्या पोरांना हे एका संध्याकाळी येईल. पण त्याला ढोल नाही, टाळ्या नाहीत, प्रायोजकाचा फलकही नाही. ढोल पथकातल्या मुलामुलींना मिनिटाला ११० चा ठेका धरायला तर शिकवावंच लागणार नाही. फक्त टिपरू खाली ठेवून तळहात लावायला शिकवायचं.

मंडळाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्याला हद्द असते. या गल्लीपासून त्या चौकापर्यंतची वर्गणी आमची, हे जिथं पक्कं ठरलेलं असतं तिथं या हद्दीत कुणी कोसळला तर पहिलं कोण पोचणार हेही ठरवता येतं. पावती पुस्तक घेऊन फिरणाऱ्यांना माहीत असतं की कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, कुठल्या पोराला आकडी येते, कुठला जिना इतका अरुंद आहे की स्ट्रेचर वळत नाही. ही माहिती महापालिकेच्या कुठल्याही आपत्ती आराखड्यात सापडायची नाही.

शहरी सोसायट्यांत मंडळापेक्षा वॉचमन महत्त्वाचा. लिफ्टमध्ये कुणी पडलं तर सगळ्यांत आधी हाक जाते ती त्याला. पुण्या-मुंबईत तर आता घरोघरी अशी जोडपी आहेत की मुलं न्यू जर्सीत नाहीतर सिडनीत आणि इथं सत्तरी-ऐंशीतले आई-वडील, सोबतीला एक मावशी. मुलं तिकडून कॅमेऱ्यात घर बघतात, रक्तदाबाचं यंत्र पाठवतात, औषधांचे डबे पाठवतात. ज्या बाईसमोर आजोबा जेवताना घास अडकून निळे पडणार आहेत, तिला पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थपडा आणि मग पोटावर वर-आत दाब कसा द्यायचा हे शिकवायला मात्र कुणी तासभर खर्च करत नाही. तिला हे येत असेल तर तिचा पगारही वाढायला हवा, हे ओघानं आलंच. कदाचित म्हणूनही नसेल करत.

आणखी एक गोष्ट आहे जी शिकवणारे सहसा सांगत नाहीत, कारण त्यानं उत्साह जातो. डेन्मार्कच्या त्या आकड्याकडे उलट बाजूनं बघायला हवं. शाळेत शिकवून, परवान्याला जोडून, सगळं नीट करूनही महिन्यानंतर जिवंत होते ते दहातला एक जण. म्हणजे ज्या पोरानं शेजारच्या काकांची छाती वीस मिनिटं दाबली, त्याच्या हाताखाली ते काका बहुधा जाणार आहेत. बरगड्या मोडल्याचा आवाजही त्यानं ऐकलेला असेल. रुग्णवाहिकेत आपल्याकडे डॉक्टर असतो, त्यानं असं पाहिलेलं असतं. या पोरानं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याला जायचं असतं आणि मयताच्या घरातल्या कुणाच्या तरी डोळ्यांत ‘तू काहीतरी चुकलास का’ हा प्रश्न दिसतो किंवा दिसल्यासारखा वाटतो. त्याला हे शिकवतानाच सांगितलेलं असलं पाहिजे की बरगड्या मोडतात, की बहुतेक वेळा माणूस परत येत नाही, की तरी दाबायचं. आणि मंडळात ज्याला लोक मानतात अशा एखाद्या ज्येष्ठानं दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी जाऊन, मग त्याला बरोबर घेऊन मयताच्या घरी जावं, हेही प्रशिक्षणाच्या वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. नाहीतर पुढच्या वेळी तो पोरगा चार पावलं मागे उभा राहील, आणि त्याच्याकडे बघून बाकीचे.